उजव्या कडेचा

पनवेलात कुणी मला "काय करतोस?" असं विचारलं की हल्ली मी "बाहेर होतो, आता परत आलोय" एवढंच सांगतो. आमच्याकडे बाहेर असणं म्हणजे जहाजावर असणं किंवा आखातात असणं. विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि माझी सुटका होते. पूर्वी मी खरं सांगायचो. आइस हॉकी खेळतो, परदेशात पगारी खेळाडू आहे, असं. मग समोरच्याच्या तोंडावर एक ठरलेलं हसू यायचं. "बर्फावर? आणि तू पनवेलचा?" त्यानंतर ठरलेला विनोद यायचा की इथे लाइट गेली की फ्रीजमधलासुद्धा बर्फ टिकत नाही. सुकापूरच्या सलूनवाल्याने तर माझी दाढी अर्धी ठेवून विचारलं होतं, "हॉकीत आहेस तर मग टीव्हीवर कधी दिसला नाहीस तो?" अर्धी दाढी घेऊन माणूस काय भांडणार? मी म्हटलं, कॅमेरा माझ्या बाजूला येत नाही.

ते मात्र खरंच होतं. मी विंगर होतो, उजव्या कडेचा.

खेळ ज्यांनी बघितला नाही, आणि मराठी वाचणाऱ्यांपैकी तो कुणी बघितला असण्याचं काही कारण नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बर्फाचं मैदान, त्याला चारी बाजूंनी कठडा, कठड्यावर काच. एका संघाचे पुढे खेळणारे तिघे. त्यातला एक मध्ये असतो, त्याला सेंटर म्हणतात. उरलेले दोघे दोन कडांना. खेळाची सुरुवात मैदानाच्या मधोमध होते. दोन्ही संघांचे सेंटर समोरासमोर वाकतात, पंच मध्ये काळी रबरी चकती टाकतो आणि दोघांचे दांडे तिच्यावर पडतात. सगळ्यांचे डोळे तिथे. विंगर तेव्हा कडेला उभा असतो. चकती आपल्याकडे येईल या आशेवर कठड्याला धरून वर-खाली पळत राहायचं, दांडा बर्फावर आपटून "इकडे, इकडे" म्हणायचं. आली तर तुमच्या हातात पुढचे चार श्वास. नाही आली तर परत मागे पळायचं. हे मी सबंध तारुण्य केलं.

आम्ही मूळचे मिठागरवाले. खाडीच्या कडेला आमच्या घराण्याचं मिठागर होतं. मालकीचं होतं की दुसऱ्याचं कसायला घेतलेलं यावर घरात अजून दोन मतं आहेत, आणि ती जागा आता भरावाखाली गेल्यामुळे दोन्ही मतं सुखाने नांदतात. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, उन्हात तापवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते ओढून बांधावर रचायचं. दुपारी तिथे उभं राहिलं तर खाली पांढरं, वर पांढरं. डोळे बारीक करून बघायची सवय आमच्या घरात सगळ्यांना आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही सगळे कुणावर तरी संशय घेतल्यासारखे दिसतो.

आमच्या घरात एक रीत होती. हंगामाचं पहिलं मीठ धरलं की घरातल्या कर्त्या पुरुषाने एकट्याने वाफ्याच्या बरोबर मधोमध जायचं, वाकून फावडं टेकवायचं, मिठाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि पहिली ओढ घ्यायची. बाकीच्यांनी बांधावर उभं राहून बघायचं. आजोबा होते तोवर ते आजोबांनी केलं, मग बाबांनी. एका वर्षी बाबांनी फावडं माझ्या हातात दिलं. मी शाळेत होतो, दांडा माझ्यापेक्षा उंच होता. "जा मधी," म्हणाले, "घाबरू नको. आता तूच करायचं." मी गेलो, वाकलो, ओढलं. मीठ किती आलं ते विचारू नका. बांधावरून बाबा असे बघत होते की मला वाटलं मी काहीतरी फार मोठं केलं आहे. पुढच्या हंगामात मिठागर बंद झालं. म्हणजे ती पहिली ओढ माझी आणि आमच्या मिठागराची शेवटची ठरली.

त्यानंतर बाबांना काम उरलं नाही आणि मला मैदान मिळालं. शेजारच्या करंजाड्याला तेव्हा रस्ते होते, दिव्यांचे खांब होते, गटारं होती, वळणावर पांढरे पट्टे होते, फक्त माणसं नव्हती. इमारती यायच्या होत्या. इतके गुळगुळीत आणि इतके रिकामे रस्ते मी नंतर कुठेच बघितले नाहीत. शाळेतल्या एका श्रीमंत मुलाने टाकून दिलेले चाकांचे बूट पायात घालून मी तिथे रोज संध्याकाळी एकटा फिरायचो. कुत्री आधी मागे लागायची, मग कंटाळून बसून बघायची. माझे पहिले प्रेक्षक तीच. पुढे नवीन पनवेलात चाकांवरच्या हॉकीचा वर्ग सुरू झाला. तिथे पहिल्यांदा दांडा हातात आला तेव्हा शिकवणाऱ्यांनी विचारलं, "आधी खेळलायस का?" मी नाही म्हणालो. खेळलो नव्हतोच, मीठ ओढलं होतं.

तिथून लडाखच्या गोठलेल्या तलावावरचं शिबिर, तिथे आलेला एक परदेशी प्रशिक्षक, त्याने घेतलेली चाचणी, आणि मग स्वीडनच्या मधल्या भागातलं एक लहान गाव. सांगताना हे सगळं एका ओळीत बसतं, करताना पायाची नखं गेली. तो तिथला तिसऱ्या दर्जाचा क्लब होता. खेळाचा पगार मिळायचा, आणि तो पुरत नसल्यामुळे सकाळी लाकडाच्या वखारीत काम. बाबांना मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"खेळात तू कुठं उभा ऱ्हातोस?"

"कडेला, बाबा. उजव्या कडेला."

मग म्हणाले, "कडंला तर राखन्या बसतो रं. माजा पोरगा कडंला कशाला?"

मी समजावलं की कडेचा म्हणजे कमी नव्हे, तिघांचा खेळ असतो, वगैरे. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी गावात "मुख्य खेळाडू हाय" असं सांगायला सुरुवात केली आणि आईने मला बजावलं की त्यांना दुरुस्त करू नकोस, त्यांना आता दुसरं काही सांगायला नाही.

त्या गावात मी आठ हिवाळे काढले. दुपारी तीनला अंधार पडायचा. लोक वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते सभ्य होते, मान हलवायचे आणि घरी जायचे. आईने दिलेलं सुकट मी एकदाच भाजलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई वर येऊन फार काळजीने विचारून गेल्या की तुझ्या घरात काही जळालंय का. त्यानंतर ती पिशवी मी खिडकीबाहेर बर्फात पुरून ठेवली आणि कधीमधी नुसती उघडून वास घेतला. एवढ्यावरून माझी काय अवस्था होती ते कळावं.

पहिल्याच हिवाळ्यात मी बघितलं की पहाटे एक मोठी गाडी येते आणि रस्त्यावर मीठ फेकत जाते. बर्फ वितळावा म्हणून. आमच्याकडे एका हंगामात निघायचं तेवढं मीठ ते एका गल्लीत ओतत असतील. मला ते बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. मी बाबांना फोन केला.

"मीठ? रस्त्यावर?"

"हो. गाडीनं."

"आनि लोक त्याच्यावरनं चालतात?"

"चालतात, गाड्या नेतात."

मग म्हणाले, "सांग त्यांना. सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापन्यांनी येचाया लागतं."

"सांगतो."

"आनि तू बाजूनं चाल."

मी खरंच रस्त्याच्या बाजूने चालायला लागलो. मऊ बर्फात पाय घोट्यापर्यंत रुतायचे, पण मिठावर पाय द्यायला नको वाटायचं. वखारीतले लोक म्हणायचे, हा असा का चालतो? मी सांगितलं नाही. सांगून कुणाला कळणार होतं?

पण खरा एकटेपणा सामन्याच्या दिवशी. त्या गावात एक पद्धत होती. सामन्याआधी खेळाडू बर्फावर गोल फिरून अंग गरम करतात, तेव्हा घरची माणसं काचेपाशी येऊन उभी राहतात आणि आपला माणूस जवळून गेला की काचेवर बोटांनी टकटक करतात. खेळाडू जाता जाता हातमोजा काचेला लावतो. बस, एवढंच. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचे आजोबा काठी टेकत. मी माझ्या फेऱ्या नेमाने पूर्ण करायचो आणि काचेकडे बघायचं नाही असं ठरवून बघायचो. आठ वर्षांत माझ्या बाजूच्या काचेवर कुणी टकटक केली नाही. मला दुसरं काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, येऊन मला खेळताना बघावं एवढंच हवं होतं. सामन्यांचे व्हिडिओ मी पाठवायचो, पण फोनच्या त्या टीचभर काचेत बाबांना मुंग्या पळताना दिसायच्या. "यातला तू कनचा?" असं विचारायचे. सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण, तोंडापुढे जाळी. मी तरी काय सांगणार?

त्यांना तिकडे आणायचा विषय दरवर्षी निघायचा. एका वर्षी आईचे गुडघे, एका वर्षी शेजाऱ्यांच्या भाताची कापणी, एका वर्षी बाबांनीच सांगितलं की जिथे दुपारी सूर्य मावळतो त्या देशात मी येणार नाही. पुढल्या वर्षी बघू, पुढल्या वर्षी बघू. आणि मग डोळ्यांचं निघालं.

बाबा चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले होते. ताटातली बाजूची भाजी त्यांना दिसायची नाही, आई ताट फिरवून द्यायची. गावात सगळ्यांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू दे, पिकला की काढून टाकू. आमच्याकडे मोतीबिंदूचं आंब्यासारखं असतं. बाबांनी तो पिकायची वाट बघितली. पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. मिठागरावरच्या पांढऱ्या उन्हाने झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. गावात अर्थातच हे कुणी मानलं नाही. मग त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं आणि कडेने पेन फिरवत आत आत काळं करत आणलं. "हा आजार कडेकडून खातो," म्हणाले. "मधलं शेवटपर्यंत दिसतं. समोरचा माणूस दिसेल, बाजूचा दिसणार नाही."

मी ते ऐकलं. त्याचा अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा शिरला नाही. माझ्या डोक्यात एकच चक्र सुरू झालं होतं, की आता पुढल्या वर्षी बघू असं म्हणायची सोय राहिली नाही.

योग असा की त्याच वर्षी आमचा तिकडचा हंगाम संपल्यावर भारताच्या संघाचं शिबिर उत्तरेकडच्या एका डोंगरातल्या शहरात लागलं. तिथे छप्पर असलेलं बर्फाचं मैदान आहे. शिबिराच्या शेवटी पाहुण्या संघाशी एक मैत्रीचा सामना होता. स्पर्धा नाही, चषक नाही, पेपरात दोन ओळी यायचीही मारामार. मी आईला म्हटलं, मी बाबांना घेऊन जातो. आईचे गुडघे प्रवासाला नाही म्हणत होते. तिने बाबांची बॅग भरली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना पुढं बसव. मागं बसवू नको."

पनवेलहून आम्ही दोघे रेल्वेने निघालो. बाबांनी लग्नात घालायचा कोट घातला होता. ऐन उन्हाळ्यात तो अंगावर बघून डब्यातल्या लोकांना वाटलं, हे कुणाच्या तरी लग्नालाच निघालेत. एकाने विचारलंही. बाबा म्हणाले, "पोराचा खेळ हाय," आणि पुढे काही विचारायच्या आत मुख्य खेळाडू असल्याचंही सांगून टाकलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

सामन्याआधी मी त्यांना अगदी पुढच्या रांगेत, काचेपाशी, मैदानाच्या मध्यावर बसवलं. पायावर घोंगडी टाकली. काचेवर टकटक करायची पद्धत समजावून सांगितली. "मी जवळून गेलो की करा. मी हात लावीन." त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं, बोटाने एकदा करूनही बघितलं. पाठीवरचा माझा आकडा सांगितला, पण तो त्यांना तिथून वाचता येणार नव्हता हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. उजव्या कडेला असेन, असंही सांगितलं. "बरं बरं," म्हणाले, "जा तू." त्या थंड, रिकाम्या रांगेत कोट घालून बसलेले बाबा समोरच्या पांढऱ्या बर्फाकडे डोळे बारीक करून बघत होते. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की पायातले बूट हलके झाले.

आधीच्या फेऱ्यांत सगळे एकाच घोळक्यात फिरत होते, बाबा त्यात मला शोधत राहिले. सामना सुरू झाला. आमचा सेंटर लडाखचा, अंगाने माझ्याएवढाच, हुशार आणि मनाने चांगला पोरगा. तो मध्ये गेला, वाकला, दांडा टेकवला. चकती पडली, त्याने ती ओढून मागे घेतली. खेळ वाहू लागला. मी कडेने पळत बाबांच्या समोरून गेलो. त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्यांदा गेलो. त्यांची मान हललीसुद्धा नाही, नजर मैदानाच्या मध्यावर खिळलेली. मी त्यांच्या नाकासमोरून, हाताच्या अंतरावरून जात होतो, पण सर्रकन, एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला. कडेकडून आलो आणि कडेला गेलो. डॉक्टरांचं ते काळं होत जाणारं वर्तुळ मला तेव्हा, तिथे बर्फावर पळताना आठवलं.

पहिला टप्पा संपला. खेळाडू बाहेर जायला निघाले. तेवढ्यात टकटक ऐकू आली. बाबा उठून उभे राहिले होते, घोंगडी खाली पडली होती आणि ते दोन्ही हातांच्या बोटांनी काचेवर वाजवत होते. सेंटरसाठी. तो त्यांच्या समोरून सावकाश बाहेर निघाला होता. त्याने या अनोळखी म्हाताऱ्याकडे बघितलं, हसला, आणि हातमोजा काचेला लावला. बाबांनी बाहेरून आपला हात त्याच्यावर ठेवला. मी पाचेक पावलांवर होतो.

मला राग आला. कुणाचा ते अजून सांगता येत नाही. त्या पोराचा नाही, बाबांचा तर नाहीच. आठ वर्षं ज्या टकटकीची वाट बघितली ती झाली आणि माझ्या शेजारून निघून गेली. हेल्मेटच्या जाळीआड रडायची एक सोय असते, घामात खपून जातं.

दुसऱ्या टप्प्यात मी विंगरने जे कधी करू नये ते केलं. माझी कड सोडली. चकती मध्ये होती, सेंटरकडे होती, आणि मी सरळ मधोमध घुसलो. बाबांना जेवढा तुकडा दिसत होता त्या तुकड्यात मला एकदा जायचं होतं, दुसरा कुठलाही विचार नव्हता. सेंटरला मी तिथे असणं अपेक्षित नव्हतं. आम्ही दोघे एकमेकांवर आदळलो, दोघेही आडवे झालो, चकती पाहुण्यांनी नेली आणि गोल केला. प्रशिक्षक एवढे ओरडले की वरच्या छपरावर आवाज आपटला. त्यांनी मला बाकावर बसवलं. बाकावरून बाबा मला फक्त एका बाजूने दिसत होते. ते उभे होते, सेंटरला लागलं की काय ते बघायला पुढे वाकलेले.

शेवटच्या टप्प्यात परत सोडलं. मी शहाण्यासारखा कड धरून राहिलो. चकती मात्र माझ्याकडे आली नाही. एकदा गोल खाल्ला की कुणी भरवसा ठेवत नाही, त्यात बाकीची पोरं एकमेकांसोबत वाढलेली, मी वर्षातून एकदा उगवणारा. मी दांडा आपटत राहिलो. सामना आम्ही हरलो.

बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. मैदानाबाहेर एक चहाची टपरी होती, तिच्यासमोरच्या बाकावर आम्ही बसलो. बाबांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. चेहरा असा, की मला मिठागराचा बांध आठवला.

"पैला दांडा तूच टेकवलास," ते म्हणाले. "मी बगितला ना. मधी गेलास, वाकलास, टेकवलास आनि वडून घेतलास. तुजा आजा आसाच वाकायचा."

माझ्या लक्षात आलं. उजवी कड, आकडा, मी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. मधोमध जाऊन पहिली ओढ घेतो तो आपला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच तर फावडं माझ्या हातात दिलं होतं.

मी सांगू शकलो असतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर त्यांचे डोळे होते, त्यात पुढे फार काही मावणार नव्हतं, आणि जे मावलं होतं ते त्यांना आवडलं होतं. "हो, बाबा," मी म्हणालो.

"त्यो एक येडा मातर तुज्या आंगावर आला. आपल्याच कपड्यातला. लागलं नाय ना?"

"नाही लागलं."

"मला लय राग आला त्याचा. म्हटलं बगू तरी हाय कोन. मंग मान वळवून वळवून त्याच्यावरच डोळा ठेवला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आनि मंग वाईट वाटलं रं. कडंला एकटाच. दांडा आपटतोय, मला द्या, मला द्या म्हनून. कोन देतच नाय त्याला. पळतोय, परत येतोय, परत उभा ऱ्हातोय. पोटात तुटलं माज्या."

टपरीवाल्याने रिकामे ग्लास गोळा करायला हात पुढे केला. बाबांना तो दिसला नाही, त्यांनी आपला ग्लास धरून ठेवला.

"त्याच्या घरचं कोन आलं नसल," ते म्हणाले. "नाय?"

"आलं होतं, बाबा."

"आलं व्हतं?" त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली आणि उरलेला चहा संपवला. "मंग बरं."